कोयासानला मठात मुक्काम: काय आधी, काय नंतर, आणि लोक नेमकं कुठे चुकतात

जपानची ट्रिप ठरली, ओसाका-क्योतोचे दिवस लागले, की "एक दिवस कोयासान करून येऊ" असं बरेच जण लिहून टाकतात आणि मग दुपारी एक वाजता वर पोचतात, बसने थेट शेवटच्या स्टॉपला जातात, अर्ध्या वाटेपासून ओकुनोइन, म्हणजे तिथली जुनी दफनभूमी, बघतात, फोटो काढतात, साडेचारची केबल कार पकडून खाली. मुक्काम करणारेही संध्याकाळी साडेसहाला बॅगा ओढत मठाच्या दारात उभे राहतात, तेव्हा जेवण गार झालेलं असतं. हे सगळं टाळता येतं, फक्त डोंगरावरचं घड्याळ आपल्यापेक्षा तीन तास पुढे चालतं हे आधी मनात पक्कं करायचं. तिथे दिवस पाच-साडेपाचला उजाडतो, संध्याकाळी पाचला सगळं बंद होतं, नऊला मठाचं दार लागतं. खालचा सगळा क्रम त्या हिशोबाने आहे.

कोयासान म्हणजे वाकायामा प्रांतातलं, साधारण ८०० मीटर उंचीवरचं, शिंगोन बौद्ध पंथाचं मुख्य ठिकाण. शंभरावर मठ आहेत आणि त्यातले पन्नासेक पाहुण्यांना राहायला देतात, त्या मुक्कामाला शुकुबो म्हणतात. इतिहास हवा तेवढा मिळतो, आपण कामाला लागू.

टप्पा १: तारीख आधी, मठ नंतर

ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पानं लाल होतात तेव्हा खोल्या सगळ्यात आधी संपतात, त्या काळात जायचं असेल तर चार-पाच महिने आधी बुकिंग करा. १३ ऑगस्टला ओकुनोइनच्या वाटेवर मेणबत्त्या लावतात तेव्हाही तीच गत. डिसेंबर ते मार्च गर्दी कमी पण बर्फ असतो आणि मठाचे व्हरांडे गार असतात, म्हणजे खोलीत हीटर असतो, पण बाथरूमला जायला जो लांब लाकडी पॅसेज लागतो तिथे काही नसतं. थंडी सोसत नसेल तर मे किंवा ऑक्टोबर बघा. ओसाकापेक्षा वर पाच-सहा डिग्री तरी कमीच धरायचं, उन्हाळ्यातसुद्धा रात्री एक जाकीट लागतं.

बुकिंग शुकुबो असोसिएशनच्या साइटवरून होतं, नेहमीच्या हॉटेल साइटवरही बरेच मठ दिसतात. इथे पहिली चूक होते ती पैशांची. दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरलेला असतो. साधारण १२ ते २० हजार येन माणशी धरा, चांगल्या खोल्यांचे त्याहून बरेच वर जातात. एकट्या माणसाला काही मठ जास्त लावतात आणि काही घेतच नाहीत. आणि "जेवणाशिवाय" असा स्वस्त पर्याय दिसला तर तो घेऊ नका, कारण मठातलं जेवण हा मुक्कामाचा अर्धा भाग आहे आणि संध्याकाळी गावात खायला फारसं काही उघडं सापडत नाही.

शक्य असेल तर शनिवार सोडून जा.

तपासा: व्हिसा हातात यायच्या आधी बुकिंग करत असाल तर कॅन्सल करायची शेवटची तारीख लिहून ठेवा. मठांचे नियम हॉटेलपेक्षा कडक असू शकतात.

टप्पा २: जेवण, आंघोळ, गुडघे, हे बुक करतानाच विचारायचं

मठातलं जेवण म्हणजे शोजिन र्योरी, त्यात मांस-मासे नसतात आणि परंपरेने कांदा-लसूणही नसतो. सूपचा स्टॉक बाहेर जपानभर माशाचा असतो, मठात तो कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाचा आणि शिताके मशरूमचा करतात. म्हणजे जपानमध्ये आठ दिवस "यात मासा आहे का" विचारून दमलेल्या शाकाहारी माणसाला इथे निर्धास्त जेवता येतं. पण जैन जेवण हवं असेल तर मुळा, गाजर, बटाटा, अळकुडीसारखे कंद असणार हे धरून चाला आणि आधीच कळवा. मैद्याची ॲलर्जी असेल तर सोया सॉसमध्ये गहू असतो तेही कळवा. कळवायचं बुकिंगच्या वेळीच, आदल्या दिवशी नाही, आणि तिथे गेल्यावर तर मुळीच नाही, कारण प्रत्येक ताट मोजून बनतं.

बरोबर वयस्कर मंडळी असतील तर हे विचाराच: जमिनीवर गादी असते, खाट क्वचित कुठे मिळते, जेवायलाही खाली बसायचं, जिने उभे असतात. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर तळमजल्याची खोली आणि जेवताना छोटी खुर्ची मागा, बरेच मठ देतात. संडास-बाथरूम बहुतेक खोल्यांना स्वतंत्र नसतं. आंघोळ सामायिक असते, बायकांची वेगळी पुरुषांची वेगळी, आणि त्यात कपडे अजिबात नसतात, स्विमिंग कॉस्च्यूम पण चालत नाही. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी जोडलेलं बाथरूम असलेली खोली बघा, महाग पडते पण ऐनवेळी आंघोळीशिवाय झोपण्यापेक्षा बरं.

मेल पाठवताना लांबलचक लिहू नका. नाव, तारीख, किती माणसं, काय खात नाही, किती वाजता पोचणार, एवढी पाच वाक्यं मशीनने जपानीत करून पाठवा, छोटं वाक्य असलं की भाषांतर बिघडत नाही.

टप्पा ३: मोठी बॅग वर न्यायची नाही

हा टप्पा लोक सोडूनच देतात. गोकुराकुबाशी या पायथ्याच्या स्टेशनवर ट्रेनमधून केबल कारमध्ये, मग वर बस, मग मठाच्या दारात पायऱ्या, आणि खोलीत तातामी, म्हणजे गवती चटई, असते ज्यावर चाकांची बॅग ओढता येत नाही, खुणा पडतात. त्यामुळे ओसाकाच्या हॉटेलातून मोठी सूटकेस कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवून द्या, रिसेप्शनवर ताक्क्युबिन म्हटलं की फॉर्म देतात, बहुतेक दुसऱ्या दिवशी पोचते. नाहीतर नांबा स्टेशनवर लॉकर आहेत. पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये काय घ्यायचं:

- जाड मोज्यांचे दोन जोड, भोकं नसलेले, कारण दिवसभर बूट काढ-घाल चालू असते
- जाकीट आणि छत्री
- सहज निघणारे बूट, लेसवाले घोटाभर उंच बूट घातले की प्रत्येक दारात मागची रांग थांबते
- कॅश, बऱ्याच ठिकाणी अजून रोखच चालते, आणि सुटी नाणी वेगळी
- टॉर्च किंवा चार्ज केलेला फोन
- कचऱ्यासाठी एक पिशवी

टप्पा ४: नांबा ते डोंगर

ओसाकामध्ये नांबा नावाची स्टेशनं बरीच आहेत, मेट्रोचं वेगळं, जेआर रेल्वेचं वेगळं, किंतेत्सु रेल्वेचं वेगळं. तुम्हाला हवं आहे नानकाई नांबा, म्हणजे नानकाई या खाजगी रेल्वे कंपनीचं, ताकाशिमाया दुकानाच्या इमारतीतलं. शिन-ओसाकाहून किंवा उमेदाहून येत असाल तर मिदोसुजी ही लाल मेट्रो लाइन पकडा आणि नांबाला उतरून नानकाईच्या पाट्या बघत चला. क्योतोहून निघणाऱ्यांनी आधी ओसाका गाठायचं आणि मग हेच. कानसाई विमानतळावरून थेट जायचं असेल तर नांबापर्यंत यायची गरज नाही, तेंगाचायाला उतरून नानकाईची कोया लाइन धरता येते.

सावध: जेआर पास नानकाईवर चालत नाही. पास काढलाय म्हणून गेटमध्ये शिरायला जाणारे रोज दिसतात.

दोन प्रकारच्या गाड्या आहेत. कोया नावाची लिमिटेड एक्स्प्रेस थेट गोकुराकुबाशीपर्यंत जाते, साधारण ऐंशी मिनिटं लागतात, सगळ्या सीट रिझर्व्ह असतात आणि तिकिटावर वेगळे पैसे पडतात, दिवसातून मोजक्याच असतात. दुसरी साधी एक्स्प्रेस, तिला शंभर मिनिटांच्या आसपास लागतात आणि बऱ्याचदा हाशिमोतोला बदलावी लागते. हाशिमोतोच्या पुढे गाडी दरीच्या कडेकडेने बोगदे घेत चढते, तिथे मोबाइल खाली ठेवून खिडकीबाहेर बघा, हा या प्रवासातला खरा देखणा तुकडा आहे.

ट्रेनचं जाऊन-येऊन, केबल कार आणि डोंगरावरच्या बसचे दोन दिवस असं एकत्र तिकीट नानकाई विकतं, नाव कोयासान वर्ल्ड हेरिटेज तिकीट. मुक्काम करणार असाल तर तेच घ्या. ते नको असेल तर इकोका किंवा सुइका हे प्रीपेड कार्ड ट्रेनला आणि केबल कारला चालतं.

गोकुराकुबाशीला उतरल्यावर स्टेशनबाहेर पडायचं नाही, आतूनच केबल कारकडे रस्ता जातो. पाच मिनिटांत वर. वरच्या स्टेशनवरून गावाकडे चालत जायचं नाही, तो रस्ता फक्त बसचा आहे, पायी बंदी आहे. "जवळच तर दिसतंय" म्हणून निघालेल्यांना परत पाठवतात. बस घ्या.

तपासा: अकरा-साडेअकरापर्यंत डोंगरावर असायला हवं, म्हणजे नांबाहून नऊच्या आसपास निघा. यापेक्षा उशीर झाला तर खालचा पहिला दिवस बसणार नाही.

टप्पा ५: पहिला दिवस पश्चिमेकडून सुरू करायचा

आधी मठात जा, बॅग ठेवा (चेक-इन दोन-तीनला असतं पण बॅग बहुतेक सगळे ठेवून घेतात), मग बसने दाइमोनला जा. दाइमोन म्हणजे गावाच्या पश्चिम टोकाचं पंचवीस मीटर उंच लाल महाद्वार. तिथून गावाकडे चालत यायचं म्हणजे सगळ्या गोष्टी ओळीने लागतात आणि दोनदा त्याच रस्त्यावरून जावं लागत नाही. उलट करणारे दमून दाइमोन सोडून देतात.

दहा-बारा मिनिटांत दांजो गारान, म्हणजे मुख्य देवळांचं आवार, लागतं. इथे प्रदक्षिणा आपल्यासारखीच, उजवीकडे वास्तू ठेवून. कोंपोन दाइतो हा मोठा लाल स्तूप बाहेरून सगळे बघतात पण तिकीट काढून आत फारसे जात नाहीत आणि खरी गोष्ट आतच आहे: मध्ये दाइनिची, म्हणजे आपल्या ग्रंथांतला महावैरोचन, भोवती चार बुद्ध, खांबांवर बोधिसत्त्व रंगवलेले, अख्खं मंडल उभं करून त्याच्या आत माणसाला सोडल्यासारखं. फोटो बंदी आहे, तेव्हा निवांत बसा. जवळच एक सहा कोनी छोटी इमारत आहे, तिच्या तळाशी फिरणारं लाकडी कडं आहे आणि त्याला दांडे आहेत, ते ढकलून एक फेरी पूर्ण केली की आतले सगळे सूत्रग्रंथ वाचल्याचं पुण्य मिळतं असं मानतात. एकट्याने जड जातं, कोणीतरी येईपर्यंत थांबा आणि दोघं-तिघं मिळून ढकला.

गारानवरून मेपलच्या झाडांमधून एक वाट थेट कोंगोबुजी या मुख्य मठाकडे जाते. बूट काढून आत, रंगवलेल्या सरकत्या दारांच्या खोल्या, मग बानर्युतेइ हे जपानमधलं सगळ्यात मोठं दगडांचं कोरडं उद्यान, आणि शेवटी जुना मुदपाकखाना जिथे दोन हजार माणसांचा भात व्हायचा त्या चुली अजून आहेत. साडेचारला प्रवेश बंद होतो.

गावातच कोयासान विद्यापीठ आहे. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. इतक्या लांब डोंगरावर बाबासाहेब उभे आहेत हे महाराष्ट्रातून येणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊकच नसतं आणि शंभर पावलांवरून निघून जातात, म्हणून मुद्दाम लिहितोय. विद्यापीठ चालू असतं, तेव्हा शांतपणे जा आणि वर्गांच्या बाजूला फिरू नका.

सावध: दुपारचं जेवण दोनच्या आत उरका, छोटी हॉटेलं लवकर बंद होतात.

टप्पा ६: मठात शिरल्यापासून जेवणापर्यंत

चारला, फार तर साडेचारला मठात. यात ढिलाई नको, जेवण साडेपाच-सहाला असतं आणि त्याआधी आंघोळ झालेली बरी.

दारात बूट काढून कपाटात, चपला घालायच्या. तातामीवर चपला नाहीत, त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर सोडायच्या. संडासात वेगळ्या चपला असतात आणि त्या तिथेच राहतात, त्या घालून जेवायच्या हॉलपर्यंत येणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, दर वेळी बाहेर पडताना खाली बघायची सवय लावा. खोलीला बहुधा कुलूप नसतं, सरकतं दार असतं, पासपोर्ट आणि पैसे अंगावर ठेवा.

खोलीत युकाता, म्हणजे सुती झगा, ठेवलेला असतो. तो घालताना उजवी बाजू आत आणि डावी तिच्यावर. उलटं फक्त मृतदेहाला घालतात, तेव्हा हे आरशात एकदा बघून घ्या.

आंघोळीला आधी छोट्या स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण अंग धुवायचं, साबण पूर्ण काढायचा आणि मग मोठ्या टबात उतरायचं. टब बुडून बसायला आहे, अंग चोळायला नाही. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, केस लांब असतील तर वर बांधायचे, आणि बाहेर पडताना टबाचं पाणी सोडायचं नाही, तेच पाणी सगळ्यांना असतं.

जेवण लाकडी लाखेच्या छोट्या चौरंगांवर येतं. वाट्या इतक्या असतात की कुठून सुरू करावं कळत नाही. गोमा दोफु म्हणजे तीळ आणि कुझू नावाच्या वेलीच्या मुळाचं पीठ घोटून केलेली मऊ वडी, यात सोयाबीन नसतं, वर वासाबीचा ठिपका असतो, तो सगळा एकदम तोंडात टाकू नका. कोया दोफु हा वाळवलेला टोफू, रस्सा पिऊन स्पंजसारखा फुगलेला, चावला की आतून गरम रस सुटतो. शिवाय टेंपुरा, उकडलेल्या भाज्या, लोणचं, सूप, भात. चव सौम्य असते. आपल्याकडची लसणाची चटणी किंवा ठेचा इथे काढू नका, वास हॉलभर जातो आणि लसूण तर या स्वयंपाकातून मुद्दाम बाहेर ठेवलेला आहे. पहिले चार घास अळणी लागतील, मग तिळाची, मशरूमची वेगळी चव कळायला लागते. आणि ताटात टाकू नका, इथे तसं चालत नाही.

टप्पा ७: रात्री ओकुनोइन

जेवण होईपर्यंत गाद्या घालून झालेल्या असतात आणि तिथेच लोक आडवे होतात. उठा. जाकीट घाला आणि इचिनोहाशी पुलापर्यंत जा. तिथून कोबो दाइशी, म्हणजे कोयासानचे आणि शिंगोन पंथाचे संस्थापक, यांच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटर दगडी वाट आहे, दोन्ही बाजूला शेकडो वर्षांचे देवदार आणि दोन लाखांहून जास्त थडगी, मध्ये मध्ये दगडी कंदील. झाडांवरून किरकिर आवाज आला तर घाबरू नका, उडणाऱ्या खारी आहेत. एकटं जायचं नसेल तर एकोइन मठाकडून रात्रीची इंग्रजी टूर निघते, ती आधी बुक करता येते.

तपासा: मठाचं दार कधी बंद होतं ते निघताना विचारा, बहुतेक नऊ. मधल्या नाकानोहाशी पुलावरून परत फिरलात तरी चालेल.

टप्पा ८: पहाटेची पूजा

साडेसहाच्या आसपास असते, काही मठांत सहाला. दहा मिनिटं आधी जाऊन बसा, मोजे घालून. मांडी घातली तर चालते, पाय मात्र मूर्तीकडे पसरू नका. फोन खोलीतच ठेवा, "फक्त आवाज रेकॉर्ड करतो" हेही नको. मध्येच खूण झाली की एकेकाने पुढे जायचं, धूपाची पूड चिमटीत घ्यायची, कपाळाजवळ न्यायची आणि निखाऱ्यावर सोडायची. पुढच्या माणसाकडे बघून तसंच करा. प्रज्ञापारमिता हृदय सूत्र म्हटलं गेलं तर शेवटी "ग्यातेइ ग्यातेइ हारा ग्यातेइ" ऐकू येईल, ते आपलं "गते गते पारगते". कुठे कुठे नंतर गोमा असतो, म्हणजे होम, अग्नीत समिधा पडतात, मंत्र चालू असतात. आपल्या लोकांना सगळ्यात जास्त भिडतो तो हाच भाग आणि तोच झोपेपायी चुकतो.

टप्पा ९: सकाळचं ओकुनोइन आणि परतीचा रस्ता

नाश्ता, चेक-आउट, बॅग मठातच ठेवून नऊपर्यंत पुन्हा इचिनोहाशी. रात्री बघितलं म्हणून हे सोडू नका, रात्री पाच दगडांचे स्तंभ नुसते काळे दिसतात, सकाळी कळतं की चौकोन, गोल, त्रिकोण, अर्धचंद्र आणि वरचा मणी म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, आणि प्रत्येकावर सिद्धम लिपीतलं संस्कृत अक्षर कोरलेलं असतं. ओदा नोबुनागा, तोयोतोमी हिदेयोशी, ताकेदा शिंगेन, हयातभर लढलेले सगळे याच वाटेवर आहेत.

सावध: बसने ओकुनोइन-माए स्टॉपला उतरू नका. तो शॉर्टकट आहे, तिथून कंपन्यांच्या नव्या स्मारकांमधून जाता आणि जुन्या वाटेचा चांगला अर्धा भाग हुकतो. तो स्टॉप परतताना वापरायचा.

सव्वादहापर्यंत गोब्योबाशी पुलाजवळ पोचा. कोबो दाइशी पलीकडे अजून ध्यानात आहेत अशी श्रद्धा आहे, आळंदीची संजीवन समाधी माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्यांचं जेवण लाकडी पेटीतून वाहून नेतात, ते इथून जाताना दिसतं. वाटेत उभं राहू नका, कडेला व्हा. पुलाअलीकडे ओळीने मूर्ती आहेत, त्यांच्यावर पळीने पाणी घालून लोक आपल्या गेलेल्या माणसांची आठवण करतात, तुम्हीही घालू शकता.

पुलाच्या अलीकडे टोपी काढा, कॅमेरा-फोन आत टाका, पाण्याची बाटलीसुद्धा. पलीकडे फोटो, खाणं, पिणं बंद. नमस्कार करून पूल ओलांडा, कंदिलांनी भरलेला तोरोदो हॉल बघा आणि त्याला वळसा घालून मागे समाधीसमोर जा. बरेच जण हॉलमधूनच परत फिरतात, मागे जायचं असतं हे त्यांना कळतच नाही.

परत येताना ओकुनोइन-माएवरून बस, मठातून बॅग, मग स्टेशन. लिमिटेड एक्स्प्रेस घ्यायची असेल तर परतीची सीट सकाळीच बुक करा, सुट्टीच्या दिवशी दुपारच्या गाड्या भरतात. गोमा दोफु न्यायचा असेल तर हामादायासारख्या दुकानातला ताजा घेऊ नका, तो थंड ठेवून लगेच खायचा असतो, तिथेच बसून खा आणि भारतात न्यायला पाकिटातला, बाहेर टिकणारा मागा.